सीडी क्रमांक दोनशे बारा

१

मेलेल्या बापाने मुलीला घराबाहेर काढलं, तेही स्वतःच्या आवाजात, सगळ्यांच्या देखत. ही हकिकत तिनेच मला माझ्या दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून सांगितली आणि सांगताना ती रडली नाही. रडली असती तर मी तिला बाहेरच्या स्टुलावर बसवून माझ्या कामाला लागले असते. मी प्रिंटरची कार्ट्रिज भरून देते. बोटं बारा महिने काळीनिळी, म्हणून सगळे मला शाईकाकू म्हणतात. रडणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे.

तिचे वडील, अण्णा, माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला, कमालीचा नीटनेटका आणि त्याहून कमालीचा चिकट माणूस. घरी बसून सीड्या करायचे. आठवणी, भांडणं, माफ्या, जे मनात येईल ते माइकपुढे बोलायचं, सीडीवर उतरवायचं, वर गोल लेबल छापून चिकटवायचं. शाई वाचावी म्हणून लेबलावरची अक्षरं पोकळ, नुसती कड, आत पांढरं. प्रिंटरमध्ये काळं कार्ट्रिज एवढंच. रंगीत कार्ट्रिज ओल्या स्पंजाबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात बंद. "रंगीत शाई म्हणजे पैशाला लागलेली गळती," असं ते मलाच ऐकवायचे, माझ्याच दुकानात. अशा गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही, पण मला म्हातारा आवडायचा.

तिने पिशवीतून एक सीडी काढून माझ्यासमोर ठेवली. लेबलावर पोकळ अक्षरांत 'शेवटची इच्छा' आणि खाली एका सोमवारची तारीख.

"दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, अण्णांना झटका आला," ती म्हणाली. "उजवा हात गेला, वाचा गेली. पाच आठवडे तसेच पडून होते. गेल्यानंतर दोन दिवसांनी दादाला ही टेबलाच्या खणात मिळाली. दादा, वहिनी, वकीलकाका आणि मी, चौघांनी एकत्र ऐकली."

"काय आहे हिच्यात?"

"'धाकटीने माझा विश्वासघात केला. तिला या घरात थारा देऊ नका. जे आहे ते थोरल्याचं.' आवाज अण्णांचाच आहे काकू. वाक्यंही त्यांचीच. पण हे ते अकरा वर्षांपूर्वी म्हणाले होते, मी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा. वर्षभरात ते लग्न मोडलं आणि अण्णा स्वतः मला परत घेऊन आले. पुढे एकदा म्हणाले, 'दोनशे बारा नंबरच्या सीडीत तुझ्यासाठी सगळं सांगून ठेवलंय. मी गेल्यावर ऐक. आधी हात लावशील तर बघ.' मी नाही लावला हात. आता कपाटात दोनशे अकरा आहे, दोनशे तेरा आहे. मधली जागा रिकामी."

तिने एक घडी घातलेला कागद पुढे केला. वहिनीचं ठसठशीत अक्षर होतं: 'वन्सं, अण्णांची इच्छा सर्वांनी ऐकली आहे. येत्या रविवारपर्यंत खोली रिकामी करावी.'

"म्हणजे तुला घरातला वाटा हवाय."

"घर गेलं खड्ड्यात," ती पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाली. "दहा वर्षं त्यांचं सगळं मी केलं. त्या सोमवारी ते पुन्हा तसं म्हणाले का, एवढंच मला हवंय. माझ्यावर चिडून गेले का ते?"

मी सीडी ठेवून घेतली. वहिनीची चिठ्ठीही ठेवून घेतली, पण वाचली ती एकाच बाजूने. माझ्यासारख्या चोखंदळ बाईकडून हे व्हावं याची मला अजून लाज वाटते.

२

लेबलाकडे सगळेच बघतात. मी आधी सीडी उलटी केली.

सीडीच्या भोकाभोवती प्लास्टिकची पारदर्शक कडी असते. अण्णांचं लेबल एवढं मोठं असायचं की वरून ती कडी झाकली जायची. पण खालून ती काचेसारखी स्वच्छ दिसते, आणि तिथे मार्करने लिहिलेला आकडा उलटा दिसत होता. मी भिंतीवरच्या आरशासमोर सीडी धरली. सदतीस.

"अण्णा लेबल चिकटवायच्या आधी कडीवर नंबर घालायचे," ती म्हणाली. "सदतीस म्हणजे अकरा वर्षांपूर्वीचीच. तीच ती!"

मी नखाने लेबलाची कड चाचपली. जाड लागली. जुन्या लेबलावर नवं चिकटवलं होतं.

"मग झालं तर," ती म्हणाली आणि तिथेच गप्प झाली. मूर्ख नव्हती पोरगी. "नाही झालं. अण्णांनीच त्या सोमवारी जुनी सीडी काढून वर नवी तारीख घातली असेल तर? म्हणजे अकरा वर्षांनंतरही ते त्याच मताचे होते, असा अर्थ झाला."

"हो, तसा अर्थ झाला," मी म्हटलं. खोटा धीर देणं मला जमत नाही.

मी ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब 'शेवटची'च्या वेलांटीवर सोडला. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. काळी रेघ आधी फुगली, मग तिच्या एका बाजूने गुलाबी पाझरलं, दुसऱ्या बाजूने निळं.

"काय झालं?"

"अण्णांच्या कार्ट्रिजमध्ये मी भरायची ती काळी शाई पाण्याने हलत नाही. हे काळं काळ्या शाईचं नाहीच. काळं कार्ट्रिज नसलं की प्रिंटर रंगीत शायांचं मिश्रण करून काळं काढतो. खर्चीक काम. डब्यातलं कार्ट्रिज कुणीतरी बाहेर काढलं."

"काळी संपली असेल त्या दिवशी."

मी माझी वही उघडली. कोणाचं कार्ट्रिज कधी भरलं हे मी लिहून ठेवते, कारण लोक महिन्याने येऊन "कालच तर भरलं" म्हणून भांडतात. त्याच सोमवारी दुपारी बारा वाजता: 'अण्णा, काळं, काठोकाठ.' एक थेंब कमी भरला तरी त्यांना तिथल्या तिथे कळायचं.

"भरलेलं काळं कार्ट्रिज हातात घेऊन घरी गेलेला तुझा बाप," मी म्हटलं, "संध्याकाळी रंगीत शाई उधळेल?"

तिने नकारार्थी मान हलवली. मग ती हसली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

"हे लेबल सोमवारचं नाही. काळं कार्ट्रिज काही आठवडे पडून वाळल्यानंतरचं आहे. तेव्हा अण्णांना चमचासुद्धा धरता येत नव्हता. म्हणजे हे घरात वावरणाऱ्या कोणाचं तरी काम आहे, आणि रविवारला चार दिवस आहेत."

३

अण्णांचा प्रिंटर जुन्या भावात विकत घ्यायचा आहे, असं सांगून मी त्यांच्या घरी गेले.

अण्णांची खोली तशीच होती. खिडकीशी पलंग, पलंगासमोर हातभर अंतरावर कॉम्प्युटर आणि प्रिंटर. भिंतभर सीड्यांचं कपाट, क्रमाने लावलेलं, दोनशे अकरानंतर एक फट. धाकटीने मला चहा दिला. पलंगाशेजारच्या छोट्या टेबलावर ग्लासाखाली ठेवायची पारदर्शक चकती होती, तिच्यावर तिने कप ठेवला. "डाग पडलेले अण्णांना चालायचे नाहीत," ती म्हणाली. चहा बरा होता.

बाहेरच्या खोलीत फोनशेजारी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवलेला होता. या घरात एका बाजूने वापरलेला कागद कधी फेकला जात नसे. मुलांच्या शाळेच्या वह्यासुद्धा अण्णांनी पाठकोऱ्या कागदांच्या शिवल्या होत्या.

वहिनी आधी भेटली. तिच्या नाकावर माशी बसायची टाप नव्हती.

"न्या एकदाचा तो डबा!" ती म्हणाली. "सासरे पडले त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी एक अर्ज छापायला गेले, तर कोराच्या कोरा कागद बाहेर. शाई वाळून दगड. आणि हा पाठकोऱ्यांचा उकिरडा! अण्णांच्या इच्छेची सीडी ऐकली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी वन्संना चिठ्ठी लिहिली आणि लगेच सुतळीने आवळून ठेवला, रद्दीत घालायला."

"सासऱ्यांच्या आजारपणात तुमचीही ओढाताण झाली असेल."

"विचारू नका. शेवटच्या आठवड्यात माझ्या आईचं ऑपरेशन. सोमवारी माहेरी गेले ती अण्णा गेल्याचा फोन आल्यावर रविवारी परत आले. तिकडे आई, इकडे हे. मला हातभार लावायला कोणी नव्हतं." मग आवाज न उतरवता ती म्हणाली, "वन्संना जावंच लागेल. बापाची इच्छा आहे. मी काय माझ्या पदरचं सांगतेय?"

ही बाई मला दोन मिनिटांत नकोशी झाली. गुन्हेगार हीच निघावी, असं मला मनापासून वाटलं.

थोरला अगदी उलटा. हळू बोलायचा, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करायचा. "अण्णांच्या मशीनला मी कधी हात लावला नाही काकू," तो म्हणाला. "त्या खोलीत बसवत नाही मला. धाकटीला जावं लागतंय याचं मलाच जास्त वाईट वाटतंय. पण त्यांचा शब्द..." त्याचे डोळे भरून आले. रुमाल काढताना खिशातलं विजेचं जुनं बिल खाली पडलं. त्याने डोळे पुसत पुसतच ते उचललं, मागची बाजू कोरी आहे हे बघितलं, कोपरा सरळ केला आणि गठ्ठ्याच्या सुतळीखाली सारून दिलं. बोलणं मात्र तुटलं नाही.

वकीलकाका, अण्णांचे बुद्धिबळातले जोडीदार, तिथेच बसले होते. धाकटीने हक्क सोडल्याचा कागद त्यांनी टाइपरायटरवर तयार करून आणला होता. "मुकाट सही केली तर महिनाभर राहू देतील तिला," ते मला समजुतीने म्हणाले.

"आजारपणात तुम्ही येत होता का?"

"एकदा आलो. पण हात चालत नाही, बोलता येत नाही, असल्या माणसाबरोबर डाव कसा मांडायचा? मग नाही आलो." त्यांनी खांदे उडवले. चाळीस वर्षांच्या मैत्रीचा निकाल त्यांनी एवढ्यात लावला होता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात मी वहिनीची चिठ्ठी पुन्हा वाचायला घेतली. उन्हाची तिरीप थेट कागदावर आली आणि वहिनीच्या ठसठशीत अक्षरांमधून एक वर्तुळ दिसलं.

मी कागद उलटला. मागे लेबलाएवढं गोल होतं आणि त्याच्या आत पोकळ अक्षरं: 'शेवटची इच्छा'. खाली त्याच सोमवारची तारीख.

अण्णांची पद्धत मला माहीत होती. लेबलाचा कागद महाग, तो वाया जाऊ नये म्हणून ते आधी साध्या कागदावर छापून बघायचे. मग तो साधा कागद लेबलाच्या कागदाला जोडून खिडकीच्या उजेडात धरायचे. गोलावर गोल बरोबर बसला तरच खरं लेबल छापायचं. लेबल करणाऱ्याने हे सगळं अण्णांसारखंच केलं होतं. मी थेंब सोडला. गुलाबी आणि निळं.

सापडली बया, मी मोठ्याने म्हणाले. समोरचं गिऱ्हाईक दचकलं. पण आनंद फार टिकला नाही. स्वतःचं पाप ज्या कागदावर छापलं, त्याच कागदावर कोणी नोटीस लिहून देईल? वहिनी उर्मट होती, खुळी नव्हती. मी दुकान बंद केलं आणि पुन्हा त्यांच्याकडे गेले.

"ही चिठ्ठी लिहायला कागद कुठला घेतला?" मी वहिनीला विचारलं.

"कुठला म्हणजे? गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा. कोरी बाजू वर होती, लिहिलं. का? तुमच्या प्रिंटरचा काय संबंध?"

तिने कागद उलटून पाहिलाच नव्हता. मी गठ्ठ्याजवळ बसले. सुतळीखाली सगळ्यात वर थोरल्याने आदल्या दिवशी सारलेलं विजेचं बिल. त्याच्या खाली औषधाच्या दुकानाची पावती, तारीख गुरुवारची. अण्णा गेले त्याच्या आधीचा गुरुवार. वहिनीने आपला कागद उचलला तो याच पावतीवरून. म्हणजे नमुना छापणाऱ्याने तो गठ्ठ्यावर ठेवला गुरुवारनंतर, आणि त्या शेवटच्या आठवड्यात सोमवारपासून रविवारपर्यंत वहिनी माहेरी होती. ती परतली तेव्हा घर भेटायला आलेल्यांनी भरलेलं, छापायला एकांत कोणालाच मिळाला नसता.

वहिनी सुटली. मला वाईट वाटलं.

वकीलकाका त्या दिवसांत उंबरा चढले नव्हते. उरली ती अण्णांची दोन मुलं. त्यातही स्वतःला घराबाहेर काढायला कोणी एवढा खटाटोप करत नाही. आणि मला कालचा तो हात आठवला. डोळ्यांत पाणी असतानाही कागद पाठकोरा आहे की नाही हे तपासणारा, कोपरा सरळ करणारा. चोरीचा पुरावा त्या हाताने फाडला नाही, जाळला नाही. लहानपणापासून जिरलेल्या सवयीने नीट गठ्ठ्यावर ठेवून दिला, आणि त्याच्याच बायकोने तो बहिणीच्या हातात दिला.

पण दोनशे बारा कुठे होती, ते मला अजून कळलं नव्हतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

५

धाकटी अण्णांच्या खोलीत कपडे भरत होती. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. ती पलंगावर बसून ऐकत राहिली.

"दादा," ती एवढंच म्हणाली. मग उठून माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि कप चकतीवर ठेवला. माणसं अशा वेळी चहाच करतात.

मी कप उचलला आणि माझा हात थांबला. चकतीला मधोमध भोक होतं. भोकाभोवती कडी. कडीवर मार्करचे अर्धवट निघालेले आकडे. मी चकती उजेडात धरली. दोन, एक, दोन.

"हे काय आहे?" तिने विचारलं. तिला दिसलं नव्हतं.

"अण्णा तुम्हाला सीडीचं लेबल काढू द्यायचे?"

"छे! लहानपणी मी एकदा काढलं तर दोन दिवस बोलले नव्हते. चुकलं तर त्यावर दुसरं चिकटवायचं, पण एकदा बसलेलं लेबल सोलायचं नाही, असा नियम होता."

"का, ते माहितेय? अशा सीडीत आवाज असतो तो वरच्या चंदेरी पापुद्र्यात, लेबलाच्या अगदी खाली. लेबल ओढलं की डिंकाबरोबर तो पापुद्रा निघून येतो. खाली उरतं नुसतं प्लास्टिक." मी चकती तिच्यापुढे धरली. "सदतीस नंबर जपायची होती, म्हणून तिच्यावरचं जुनं लेबल त्याने सोललं नाही, वर नवं लावलं. ही जपायची नव्हती. ही तुझी दोनशे बारा."

ती हातात घ्यायला तयार होईना. मी आयुष्यात पुष्कळ माणसांच्या तोंडचं पाणी पळालेलं बघितलंय, पण त्या पोरीच्या चेहऱ्यावरून जे गेलं ते मला पुन्हा बघायचं नाही.

"कोणी दिली ही तुला?"

"दादाने. शेवटच्या शुक्रवारी. मी औषधं घेऊन आले तर म्हणाला, 'ही अण्णांच्या ग्लासाखाली ठेवत जा, वाया कशाला घालवायची.'" तिचा आवाज खाली खाली जात होता. "काकू, प्रिंटर इथेच होता. अण्णा या पलंगावर, जागे होते."

"हो."

"म्हणजे त्यांनी सगळं बघितलं. दादा लेबल छापताना. ही सोलताना."

ती त्या छोट्या टेबलाकडे बघत होती.

"शुक्रवारपासून ते ग्लास पाडायला लागले," ती म्हणाली. "डाव्या हाताने. मी भरून ठेवला की पाडायचे, आणि ही चकती पकडायला बघायचे. पकडता यायची नाही, खाली पडायची. मी पुसायची, पुन्हा ठेवायची. ते पुन्हा पाडायचे. चादर ओली, औषध वाया. मला वाटलं हट्टाला पेटलेत. मी ओरडले त्यांच्यावर. 'पुरे झालं अण्णा, किती छळाल?' म्हटलं."

"तुला कसं कळणार?"

"शनिवारी सकाळी मी त्यांचा तो हात पलंगाच्या दांडीला बांधला," ती म्हणाली. "मऊ फडक्याने. माझ्याच ओढणीच्या तुकड्याने. रविवारी पहाटे गेले."

मी तिला रहस्य उलगडून दिलं होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच होतं: बापाने तिला घराबाहेर काढलं नव्हतं, उलट शेवटचा चालता हात तिला खरं सांगण्यात खर्च केला होता. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते तिला माझ्याआधी कळलं होतं.

६

रविवारी सगळे बाहेरच्या खोलीत जमले. थोरला, वहिनी, कागद घेऊन आलेले वकीलकाका. धाकटीने तीन वस्तू टेबलावर मांडल्या. सदतीस नंबरची सीडी, वहिनीची चिठ्ठी उलटी करून आणि ती पारदर्शक चकती. बोलले मी. शाई, थेंब, पावती, पापुद्रा, सगळं क्रमाने सांगितलं.

वहिनीने चिठ्ठीच्या मागचं गोल बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. "अहो," ती म्हणाली, "माझ्या हातून लिहवलंत?"

थोरल्याने घसा साफ केला. तो नाही म्हणेल, चिडेल, पाया पडेल, असं मला वाटलं होतं. यातलं त्याने काही केलं नाही.

"मी खोलीत गेलो की अण्णा विचारायचे, ती कुठेय," तो त्याच हळू आवाजात म्हणाला. "दहा वर्षं. मी त्यांच्यासमोर बसलेलो असायचो आणि ते दाराकडे बघत असायचे. वाचा गेल्यावरही दाराकडेच बघायचे. म्हटलं, आता एकदा माझ्याकडे बघा. त्या शुक्रवारी बघितलं. पूर्ण वेळ बघत होते."

"दादा," धाकटी म्हणाली. "दोनशे बारामध्ये काय होतं?"

थोरला तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने वकीलकाकांपुढचा कागद दोन बोटांनी तिच्याकडे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"सही कर. सांगतो."

"खबरदार!" मी उठलेच. "सही करू नकोस. घर तुझंही आहे आणि हा मनुष्य आता तुझ्या वाटेला जाऊ शकत नाही. त्याच्या कोणत्याही शब्दावर विश्वास ठेवू नकोस."

"काकू, ती ऐकलेला तो एकटाच आहे," धाकटी म्हणाली. तिने खुर्ची ओढून घेतली.

"अगं, तो वाटेल ते सांगेल!"

"एखादं तरी वाक्य अण्णांसारखं असेल. मला ओळखता येईल."

वकीलकाका खिडकीबाहेर बघायला लागले. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, शांतपणे, आजाऱ्याचा हात बाजूला करावा तसा. मग तिने चारही ठिकाणी सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

"सांग."

थोरल्याने कागद उचलून सह्या एकेक करून तपासल्या. "मी ऐकली नाही," तो म्हणाला. "आधी सोलली."

मग वहिनीने नवऱ्याच्या हातातून कागद घेतला. मला वाटलं फाडते आता. तिची मान खाली होती, ओठ घट्ट मिटलेले होते, आणि क्षणभर मी त्या बाईची माफी मागायला तयार झाले. "आता सही झालीच आहे," ती म्हणाली आणि कागद फाइलमध्ये ठेवून तिने नाडी बांधली.

धाकटीने एकच पिशवी घेतली. त्या पिशवीत तिने ती चकती आपल्या दोन साड्यांच्या मधे, ओरखडा उठू नये म्हणून, नीट ठेवली. जिच्यात आता काही नव्हतं त्या प्लास्टिकला ओरखड्याचं काय! पण मी ते बोलले नाही. माझी जीभ त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या ताब्यात होती.

दुकानामागच्या माझ्या खोलीत तिची सोय होईल, असं मी तिला म्हटलं. ती माझ्याबरोबर चालत राहिली. कोपऱ्यावर वळताना तिने विचारलं, "काकू, ते माझ्यावर चिडून गेले नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं. "ते लेबल त्यांचं नव्हतंच. शाईवरून सिद्ध झालंय."

"ते शुक्रवारचं झालं," ती म्हणाली. "मी हात बांधला शनिवारी."

शाई, पावती, कडीवरचा आकडा, सगळं मी मनात एकदा उलटंपालटं करून बघितलं. शनिवारचं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही दुकानाकडे चालायला लागलो.